जरा मागून वाजणारी गिटार

मंगळवार, संध्याकाळ

नितीनने गिटारसाठी पायाने दाबायचं नवं डिजिटल पेडल आणलं. त्यात जुन्या ॲनालॉग 'कोरस' इफेक्टचा हुबेहूब आवाज आहे, एकच गिटार दोघांची वाटते. म्हणजे तोच सूर पुन्हा, जरा मागून, किंचित डळमळता. बारा वर्षं आमच्या बँडमध्ये दुसरी गिटार धरून मी वेगळं काय करत होतो?

सराव संपल्यावर म्हणाला, "तुला नारायण पेठेतून वारज्याला उगाच हेलपाटा. आता राहू दे." माझी काळजीच हो त्याला.

मी गिटार खोळीत भरत होतो, तर म्हणाला, "अरे, दुसरा सूर किती मागे ठेवू? यंत्रासारखं वाटतंय." आणि मी गाढव, वाकून बटण फिरवून दिलं. जरा मागे. मी असायचो, बरोबर तितकं.