बिनसुईचे डॉक्टर

दादा, तुमच्या दवाखान्यात आलेल्या त्या तपासणीची गोष्ट मी कितीतरी लोकांना रंगवून सांगितली, पण तुमच्याशी तिच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं. विषय निघाला की तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात. आता तुम्ही नाही, आणि तसल्याच तपासणी पथकाच्या गाडीत पुढच्या सीटवर मी, तुमची लेक, बसते, तालुक्याची आरोग्य अधिकारी म्हणून. कोणत्या डॉक्टरची डिग्री कसली आणि तो प्रत्यक्षात काय देतो, हे बघत हिंडते.

शिंगणापुरात तुम्ही होमिओपॅथीचे डॉक्टर. "सुई न्हाई मारत त्यो कसला डाक्टर," असं तुमच्या तोंडावर म्हणून लोक तुमच्याच गोळ्या घेऊन जायचे. सुई टोचायची तुम्हाला परवानगी नव्हती आणि तुम्ही ती कधी टोचली नाहीत. पण बोगस डॉक्टर धरायला सरकारी पथक येतंय अशी कुणकुण लागली, तेव्हा एवढ्या खोलात जायची गावाला गरज वाटली नाही. तुम्ही औषधं आणायला नगरला गेलेले. शनीचं गाव, त्यामुळे दवाखान्यालाही दार नाही, म्हणजे बंद आहे म्हणायचीही सोय नाही. मग शेजारच्या काकूंनी पदर खोचला. पाटी उतरवली, बाटल्या पोत्यात भरल्या, भिंतीवरचं सर्टिफिकेट फ्रेमसकट कडब्याच्या गंजीत खुपसलं आणि तुमच्या टेबलावर लसूण वाळत घातला. मी शाळेतून येतेय तोच मला दटावलं, "कुनी इचारलं तर सांगायचं, बाप शेती करतो."

तुम्ही आलात तेव्हा पथकाचे साहेब त्या लसणासमोर उभे होते.

"इथे डॉक्टर कोण?"

"मी," तुम्ही म्हणालात.

"न्हाई वो साहेब," काकू मध्येच. "हे कसले डाक्टर! यांना साधी सुईबी मारता येत न्हाई."

साहेबांनी सर्टिफिकेट मागितलं. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत, तर नुसता खिळा.

"काकू, सर्टिफिकेट कुठाय?"

"कसलं सर्टिफिकट? आमाला काय म्हाईत?" असं म्हणून त्यांनी तुम्हाला डोळा मारला.

साहेब विनापरवाना व्यवसायाची नोंद करायला लागले. लोकांनी आपल्याला डॉक्टर म्हणावं म्हणून जन्मभर झुरलेले तुम्ही हात जोडून सांगताय, "अहो, मी खरंच डॉक्टर आहे!" आणि ओट्यावर जमलेले तुमचेच पेशंट एका सुरात, "न्हाई, न्हाई!" मला हसू आवरत नव्हतं, आणि पोलीस तुम्हाला नेतील अशी भीतीही वाटत होती.

तेवढ्यात कांद्याच्या रानातून एक बाई तान्ह्या पोरीला घेऊन पळत आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "डाक्टर, बघा की वो, लई धाप लागलीय हिला!" तुम्ही हातानं लसूण बाजूला सारलात, पोरीला टेबलावर ठेवलंत, झबलं वर करून आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या पाहिल्यात. पुढच्या क्षणी साहेबांकडे वळलात. "हे माझ्या औषधाचं काम नाही. हिला आत्ताच्या आत्ता ऑक्सिजन लागेल. तुमची गाडी द्या."

साहेबांनी वही मिटली. त्या मायलेकींना घेऊन तुम्ही जीपमध्ये चढलात. गाडी सुरू होताना काकू धावत आल्या आणि कडब्याच्या काड्या चिकटलेली फ्रेम त्यांनी खिडकीतून तुमच्या मांडीवर टाकली. "असू द्या संगं. तितं कुनी इचारलं तर!"

हॉस्पिटलात पोर वाचली. तुमच्यावरची नोंदही तिथंच मिटली. गाव पोट धरून हसत होतं. तुम्ही मात्र घरी येऊन पानावरून उठलात. "ती आत होती आणि मी नुसता व्हरांड्यात उभा होतो," एवढंच आईला म्हणालात.

दादा, आता होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी सरकारनं एक कोर्स काढलाय. तो केला की काही अॅलोपॅथीची औषधं देता येतात. येतात की नाही, यावरून एकीकडे मोर्चे, दुसरीकडे कोर्ट. परवा नेवाशाजवळ तपासणीत तो कोर्स केलेला एक तरुण डॉक्टर भेटला. कागद चोख होते. चहा देताना त्यानं विचारलं, "मॅडम, तुमचे वडील आमच्याच लायनीतले ना? त्यांनी केला असता का हो हा कोर्स?"

मी अधिकाऱ्याचा चेहरा करून म्हटलं, "छे! ते आपल्या पॅथीचे फार पक्के होते."

खोटं बोलले, दादा. तुम्ही पहिल्याच बॅचला नाव घातलं असतंत.