गव्हर्नरच्या निवडणुकीत साठ बटाटेवडे

ग्योतोकु (जपान), शुक्रवार

श्रीयुत उदयराव यांस,

स्टेशनापासून सात मिनिटांवरच्या तिसऱ्या मजल्यावरून तुमच्या व्याह्याचा, म्हणजे विनायकाचा, सप्रेम नमस्कार. विहीणबाईंना आमच्या सौ. नयनाचा नमस्कार आणि गोडा मसाला पोचल्याची पावती. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? (देत नसेल तर उगाच उतरूही नका. आहात त्याच मजल्यावर पेपर वाचत बसा.) हे पत्र मी कागदावर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. गेल्या पाच आठवड्यांत तुम्हाला मोबाइलवर अकरा निरोप पाठवले. अकराही निरोपांखाली निळ्या खुणा उमटल्या, उत्तर मात्र एकाचंही नाही. कागदाला निळ्या खुणा नसतात. तुम्ही वाचलंत की नाही हे मला कळणार नाही, म्हणून कदाचित तुम्ही वाचाल.

मितालीचा विषय मी काढणार नाही. तिनं सॉफ्टवेअरची नोकरी सोडून इथल्या बाजारपेठेत वड्यांचं लहानसं दुकान काढायचं ठरवलं, त्यावर ‘एवढं शिकवलं ते वडे तळायला?’ असं विचारून तुम्ही फोन ठेवलात, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. हा तुमच्या दोघांतला मामला आहे. सासऱ्यानं त्यात नाक खुपसू नये एवढं मला कळतं. मी फक्त निवडणुकीची हकिगत सांगणार आहे. आता त्या हकिगतीत मिताली अधूनमधून येईल, त्याला माझा इलाज नाही. ती याच घरात राहते.

तर आमच्या चिबा प्रांताच्या गव्हर्नरची निवडणूक गेल्या रविवारी झाली. (आपल्या राज्यपालासारखा हा दिल्लीहून, म्हणजे इथे तोक्योहून, येत नाही. लोक थेट मत देऊन निवडतात आणि प्रांताचा सगळा कारभार त्याच्याकडे असतो.) मुख्य उमेदवार दोन. नागासे-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’) नावाचे गृहस्थ म्हणत होते, खाडीकाठी मोठ्या कंपन्या आणा, गोदामं आणा, डेटा सेंटरं आणा, त्यांना करात सूट द्या, की रोजगार आपोआप मागून येतो. हिराओका-सान नावाच्या बाई म्हणत होत्या, मोठ्यांचे लाड पुरे झाले, बाजारपेठांतली बंद दुकानं उघडा, आणि नव्या दुकानदाराचं निम्मं भाडं प्रांतानं भरत राहावं. ही भाड्याची योजना आधीपासून चालू आहे, आणि नागासे-सान ती बंद करणार होते. मितालीनं पाहून ठेवलेलं दुकान याच योजनेतलं. कोबायाशी-सान म्हणून सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आहेत, त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान सहा वर्षांपूर्वी बंद पडलं, ते. म्हणजे नागासे-सान आले की मितालीचं दुकान गेलं, असा सरळ हिशेब होता.

वाद ओळखीचा वाटला ना? मी एकतीस वर्षं उद्योग खात्यात फायली हलवल्या आणि मोठा कारखाना आला की चहाच्या टपऱ्या आपोआप उगवतात, हे मंत्र्यांना पटवत राहिलो. (मंत्र्यांना ते आधीच पटलेलं असे.) तुम्ही बँकेत बसून शिंप्याला, पिठाच्या गिरणीला, सायकलवाल्याला कर्ज मंजूर करत राहिलात, आणि लहान माणूस उभा राहिला की राज्य उभं राहतं, असं सांगत राहिलात. मुलांच्या लग्नात आपण भर मांडवात यावरून इतके हातघाईवर आलो, की गुरुजींनी मंगलाष्टकं थांबवून आपल्याला ‘अक्षता संपल्यावर राज्य चालवा’ असं सुनावलं. आणि आता बघा. मी, जन्माचा मोठ्या कारखान्यांचा माणूस, हिराओकाबाईंच्या गोटात शिरलो, आणि तुम्ही, शिंप्या-गिरणीवाल्यांचे कैवारी, घरच्याच एका दुकानदारणीशी बोलत नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. (थोडा म्हणून लिहितो आहे.)

घरात दोन तट पडले. आमचा सुयश नागासे-सानांच्या बाजूचा, कारण नागासे आले तर त्याच्या कंपनीचं ऑफिस कावासाकीहून खाडीकाठी येईल आणि रोजचा सव्वा तासाचा प्रवास वाचून तो सायकलनं जाईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मिताली अर्थातच हिराओकांची. जेवताना सुयश लॅपटॉप उघडून रोजगाराचे तक्ते दाखवायचा आणि मिताली त्याच तक्त्यावर आमटीची वाटी ठेवायची. नयना तटस्थ होती, त्यामुळे दोन्ही पक्ष तिच्या तैनातीत राहून भांडी घासत होते. या सगळ्यात एक बारीकशी अडचण अशी, की सुयश-मितालीला इथला कायमचा रहिवास मिळाला असला तरी मत द्यायला नागरिकत्व लागतं. आम्ही दोघं तर तीन महिन्यांचे पाहुणे. घरात मतं चार आणि मतदार शून्य.

म्हणून मी ठरवलं, आपल्याला मत नाही तर ज्यांना आहे त्यांना समजवावं. इथला प्रचार तुम्ही पाहिलात तर तुम्हाला झोप येईल. पांढरे हातमोजे घातलेली माणसं गाडीतून हात हलवत जातात आणि कर्ण्यावरून उमेदवाराचं नाव आणि ‘कृपा असावी’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगतात. आर्थिक धोरणाचं नाव नाही. मी हिराओकाबाईंचं पत्रक घेतलं, कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि शनिवारी सकाळी आमच्या इमारतीची चौदा दारं एकामागून एक वाजवली, जशी आपल्याकडे वाजवतात. नमस्कार करायचा, पत्रक पुढे करायचं आणि पाठ केलेली दोन जपानी वाक्यं म्हणायची. प्रत्येक दारात माणूस पांढराफटक पडला. तीन घरांनी तर आत जाऊन कचऱ्याच्या पिशव्याच आणून दाखवल्या. सदऱ्यातला अनोळखी माणूस हातात कागद घेऊन दारात आला म्हणजे प्लॅस्टिक चुकीच्या वारी टाकल्याची तक्रार घेऊनच आला असणार, अशी इथली समजूत. एका बाईंनी माझी इतकी माफी मागितली, की मीही वाकून त्यांना माफ करून टाकलं.

दुपारी कोबायाशी-सान धापा टाकत आले. त्यांनी मितालीला जे सांगितलं त्याचा सारांश असा, की जपानमध्ये निवडणुकीत घरोघर जाऊन मत मागणं हा गुन्हा आहे. लोकांना घरात गाठून भीड घालू नये म्हणून. मी त्यांना म्हणालो, की भीड घातल्याशिवाय आमच्याकडे मत पडतच नाही. हे वाक्य मितालीनं भाषांतर करायचं नाकारलं. त्या दिवसापासून मला एकट्यानं लिफ्टमध्ये जायची बंदी झाली.

खरी गोची पुढेच आहे. मतदानाच्या आदल्या गुरुवारी हिराओकाबाईंच्या इथल्या प्रचार कार्यालयात संध्याकाळी सभा होती. मला वाटलं, भाषणं नुसत्या हिरव्या चहावर कोण ऐकणार? आपल्याकडे कार्यकर्ता वड्यावर चालतो. मी मितालीला काही न सांगता साठ वड्यांची ऑर्डर दिली. (पाहुणे येणार आहेत, असं म्हणालो. निम्मं खरं होतं.) पोरीनं दुपारभर उभं राहून तळले. काय वडे झाले होते उदयराव! मी डबा घेऊन कार्यालयात शिरलो, झाकण उघडलं आणि सभा थांबली.

एक चष्मेवाल्या बाई नियमांचं लाल पुस्तक घेऊन धावत आल्या. नियम असा निघाला, की निवडणुकीत कुणाला खायला घालता येत नाही. चहा चालतो, चहाबरोबरचा किरकोळ खाऊ चालतो, बाकी काही नाही. आता बटाटेवडा हा किरकोळ खाऊ आहे का? यावर पाऊण तास चर्चा झाली. मोठी गोदामं की लहान दुकानं, यावर सतरा दिवसांत कुणी जेवढं बोललं नव्हतं तेवढं त्या पाऊण तासात वड्यावर बोललं गेलं. एकाचं म्हणणं, आत बटाटा आहे म्हणजे हे जेवण. दुसऱ्याचं म्हणणं, आकार लहान आहे म्हणजे खाऊ. तिसऱ्यानं मोजपट्टी आणली. मग बाईंना पुढचं कलम सापडलं. परदेशी नागरिकाकडून प्रचाराला मदत घेता येत नाही, म्हणून हे साठ वडे परदेशी मदत ठरू शकतात. झाकण बसलं. सगळ्यांनी रांगेत उभं राहून, वाकून, डबा मला परत दिला. तोवर मितालीही तिथे पोचली होती. मला वाटलं, चिडेल. ती त्या रांगेकडे बघत होती. ‘बाबा, एकानंही डब्यावरची नजर काढली नाही,’ म्हणाली, आणि हसायला लागली ती घरी येईपर्यंत. पुढचे दोन दिवस आम्ही न्याहारीला वडा आणि जेवायला वड्याचा रस्सा खाल्ला. सुयशनं विरोधी पक्षाचा असूनही अकरा खाल्ले.

रविवारी रात्री आठला मतदान संपलं आणि आठ वाजून एका मिनिटानं टीव्हीनं सांगितलं, नागासे-सान विजयी. एकही मत मोजलेलं नव्हतं. (आपण उगाच दिवसभर टीव्हीसमोर बसून चहा पितो.) सुयशनं टीव्ही बंद केला. जिंकलेल्या पक्षाचा एवढा पडलेला चेहरा मी आजवर पाहिला नव्हता. मितालीनं फडताळातून नोकरीच्या अर्जांची फाइल काढली आणि धूळ पुसत बसली. मला फार वाईट वाटलं. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बाजूचं धोरण दरवेळी जिंकलं, पण कुणीतरी हरतं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात काय होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी सकाळी कोबायाशी-सान आले. सूट घातलेला, हातात किल्ली. दारातच म्हणाले, ‘योजना गेली. दुकान जागेवरच आहे. भाडं धंदा चालू लागल्यावर द्या.’ मिताली रडली, नयना रडली, मी चष्मा पुसला. सुयशनं लगेच लॅपटॉपवर दुकानाचा तक्ता सुरू केला. धोरण कुणाचं बरोबर, हा आपला वाद तसाच शिल्लक आहे. आलात की भांडू.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा. गुडघ्याला शेक देत जावा.

तुमचा,
विनायक

ता. क. किल्ली देण्याआधी कोबायाशी-सानांनी एक प्रश्न विचारला होता, तो वर लिहायचा राहिला. इथे जागा देण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना भेटून नमस्कार करण्याची त्यांची रीत आहे. त्यांनी विचारलं, मुलीच्या वडिलांची संमती आहे ना? मिताली माझ्याकडे बघायला लागली. मी ‘हो’ म्हणून टाकलं. वर, रात्रीच उदयरावांचा मला निरोप आला, असंही सांगितलं.

ता. क. २. त्यामुळे येत्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी, तुमच्या सकाळी नऊ वाजता, कोबायाशी-सान सूट घालून व्हिडिओ कॉलवर तुम्हाला नमस्कार करणार आहेत. तुम्हाला बोलायचं काही नाही. नुसती मान हलवायची आहे. ती उभी हलवावी, एवढंच मागणं आहे, आणि एवढ्याचसाठी हे सगळं पत्र आहे.

ता. क. ३. सोमवारी तुम्हाला मितालीचा ‘थँक्यू बाबा’ असा निरोप आला असेल आणि कशाबद्दल ते कळलं नसेल. ते याबद्दल होतं. तुम्ही खरंच हो म्हणालात असं तिला वाटतंय. फोन करत नाही, कारण रडू येईल म्हणते. चार दिवस झाले, पोरगी कणीक मळताना गुणगुणते आहे. आता नाही म्हणायचं असेल तर ते तुम्हीच तिला सांगा. माझ्याच्यानं होणार नाही.