पोळपाटावर लॅपटॉप

१० फेब्रुवारी, मंगळवार
रात्रभर डोळा लागला नाही. सचिनने लॅपटॉप आपोआप बंद-चालू होत राहील असं करून ठेवलंय. दर दोन मिनिटांनी स्क्रीन पेटते, आमच्या लेकीच्या, ओवीच्या तोंडावर उजेड. ती झोपते. मी नाही.
पार्ल्याच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याचं काम आहे. त्याचे सगळे जुने लॅपटॉप सचिनने सुधारून द्यायचे, हा नमुन्याचा. चालू होता होताच मरतो. सचिन म्हणतो कर्नलमध्ये गडबड. कर्नल म्हणजे आतला मुकादम, मशीनने किती जोरात पळायचं ते तो ठरवतो. सचिन रोज त्यात काहीतरी बदलतो. शुक्रवारी दाखवायचंय, नाहीतर काम दुसऱ्याला.
सचिनने नोकरी सोडल्यापासून हे पहिलं मोठं काम. म्हणून सहन करते.

११, बुधवार
आज मलाही बसवलं. नीट चालू झालं की टिक, मेलं की फुली. माझा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून स्क्रीनचा व्हिडिओ, अक्षरं भराभर पळतात म्हणून.
स्पीड कमी, सगळ्या टिक. स्पीड फुल, सात फुल्या.
सचिन खूश. "बघ, बोललो ना. कर्नलच."
मला नाही पटलं. फुल स्पीडला खालून असं तापतं की हात ठेववत नाही. आणि टाइप करताना हलतं. सचिन म्हणतो टेबलाचा पाय आखूड आहे. पुठ्ठा घातला पायाखाली. तरी हलतं.

१२, गुरुवार
सचिन आंघोळीला गेला तेव्हा लॅपटॉप पोळपाटावर ठेवून बघितला. पोळपाट आईचा, एकदम सपाट. बोट लावलं तर लॅपटॉप गरकन फिरला. उलटा केला. मधोमध पोट आलंय.
दिनूला फोन लावला, माझा भाऊ, घाटकोपरला मोबाईल दुरुस्त करतो. "ताई, बॅटरी फुगलीय ती. स्पीड वाढला की जास्त करंट ओढतं, तिला झेपत नाही, म्हणून मरतं. दाबू नको, टोचू नको. चार्जर काढ, घराबाहेर ठेव. गोडसर वास आला तर आधी पोरीला बाहेर काढ."
सचिन मागे उभा. "मोबाईलवाला मला शिकवणार? तू सातवी पास, तो दहावी नापास. झकास टीम आहे."
हसला. पण मी भाकऱ्या करताना त्याने लॅपटॉप उलटा करून बराच वेळ बघितला. हाताने चाचपला. माझं लक्ष नाही असं वाटलं त्याला.
म्हणजे बॅटरी फुगलीय हे माहितेय त्याला.

१३, शुक्रवार
सकाळी माझा फोन घेऊन पार्ल्याला गेला. "क्लासवाल्याला व्हिडिओ दाखवायचेत." स्वतःच्या फोनमध्ये घेता आले नसते? की मी दिनूला फोन करू नये म्हणून नेला?
लॅपटॉप घरीच. फुल स्पीड, चार्जर लावलेला. शंभर वेळा बंद-चालू व्हायला पाहिजे, दुपारी येऊन घेऊन जाणार. वर चिठ्ठी, हात लावू नकोस, मधे थांबलं तर सगळं पहिल्यापासून.

चाळीस झाले. एकही फुली नाही. सचिनचा कर्नलमधला बदल लागू पडला, मीच चुकले वाटतं. ओवीला वरण-भात भरवला.

चौसष्ट. वास येतोय. नेलपॉलिशसारखा. खालच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे, तिथला असेल म्हणून खिडकी लावली. गेला नाही. लॅपटॉपजवळ नाक नेलं. इथलाच आहे.

चार्जर काढला. बटण दाबून बंद केला. शंभरातले छत्तीस राहिले. सचिन म्हणेल भावाचं ऐकून मुद्दाम वाट लावली. म्हणू दे.
ओवीला समोर कदम काकूंकडे दिली. काकूंकडे फोन नाही, वाचता येत नाही. त्यांची सून येईल कामावरून, ती वाचेल. मी लॅपटॉप मोठ्या पातेल्यात ठेवून गच्चीवर नेतेय, पेटलं तर वर टाकायला कुंडीतली माती घेतलीय. तिथेच लांब बसणार, कोणी हात लावायला नको. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.
वही काकूंच्या उंबऱ्यावर ठेवते. जो कोणी वाचेल त्याने दिनूला फोन करावा, नंबर वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलाय. सचिनला नंतर. आधी दिनूला.