सहीपुरती सरपंच

ता. रेणापूर,
३ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वला हिस सिंधुमावशीचे अनेक उ. आ.

मोबाइल तुझ्या काकांच्या खिशात असतो म्हणून पत्र लिहिते. सरपंच मी अन् फोन येतात त्यांना.

मीटिंगलाबी तेच जातात. माझ्या गुडघ्याचं निमित्त हाय. मग रजिस्टर घरी येतं अन् मी पिठाचा हात पुसून सही ठोकते. तीन वर्षं हेच करत आले, वाचलं कधी न्हाई. गेल्या आठवड्यात चष्मा डोळ्यावर होता म्हणून वाचलं. शाळेच्या पटांगणावर दुकानाचे गाळे काढायचा ठराव. कल्पना उपसरपंच वीरण्णाची, अन् त्यातला एक गाळा आपल्या घराला. पोरी खो-खो कुठं खेळतील, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, तू फक्त सही कर.

मी केली न्हाई. चार दिवस झाले, ते बोलत न्हाईत, वाढलेलं गुमान जेवतात. लई जीव घाबरतो गं. अठरा तारखेला त्याच ठरावावर पुन्हा मीटिंग हाय. तू राजा-राण्यांचं शिकतेस, त्यांच्यात कुणी अशी सही अडवली होती का?

लोभ हायच, तो वाढव.
तुझी मावशी

विष्णुपुरी, नांदेड,
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सिंधुमावशीस उज्वलाचा शि. सा. न.

आमच्या होस्टेलात पत्र येणारी मी एकटीच. मैत्रिणी विचारतात, कोण गं हा.

मावशी, सध्या इंग्लंडची अ‍ॅन राणीच परीक्षेला आहे. १७०८ साली तिनं पार्लमेंटच्या एका कायद्याला मंजुरी दिली नाही. तीही मंत्र्यांच्याच सल्ल्यानं. त्यानंतर आजवर तिथल्या कुठल्या राजा-राणीनं नाही म्हटलेलं नाही. पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. तिचे पाय इतके दुखायचे की राज्याभिषेकाला खुर्चीतून उचलून न्यावं लागलं. तरी ती पार्लमेंटात जाऊन बसायची, कोण काय बोलतंय ते स्वतः ऐकायची.

तिला कुणी निवडून दिलं नव्हतं. तुला दिलंय. घरी बसून सही अडवलीस तर दुसऱ्या कुणाच्या सहीनं काम उरकतील. तू जाच. काका रागावले तर माझं नाव सांग.

माया अशीच राहू दे.
तुझी उज्वला

ता. रेणापूर,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वलास अ. उ. आ.

तुझ्या राणीला उचलायला माणसं होती. मी आपली काठी घेऊन निघाले. आदल्या दिवशी धुरपताबाई, मनिषा अन् आणखी दोघी मेंबर बायांच्या घरी जाऊन आले. त्यांच्याबी सह्या घरीच होतात, मीटिंगला नवरे बसतात. मनिषाची सासू मला दारातूनच परत पाठवत होती. मी ओट्यावर बसून राहिले.

काल पाचीजणी गेलो. बाया आत आलेल्या पाहून त्यांचे नवरे उठून भिंतीला उभे राहिले. तुझे काका मात्र सरपंचाच्या खुर्चीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. काठी रोवली अन् पाय हलवला न्हाई. शेवटी ते उठले अन् दाराशी जाऊन उभे राहिले.

मी खुर्चीत बसले अन् मतदान झालं. गाळ्याला तीन हात, विरोधात आमचे पाच. ठराव पडला. पटांगण शाळेचंच राहिलं.

वीरण्णाला हे रुचलं न्हाई. त्यानं सवयीनं दाराकडं वळून तुझ्या काकांनाच विचारलं, सरपंच, आता कसं करायचं. मला वाटलं, हे आता सगळं फिरवतात. पण हे खाली बघत म्हणाले, की सरपंच खुर्चीत बसल्यात, त्यांना विचारा.

मायेत ठेव.
तुझी मावशी
सिंधु शेषेराव, सरपंच