सत्तेचाळीस नंबरची पट्टी

सर, तुम्ही गेल्याचं कॉलेजच्या एका मैत्रिणीने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी फक्त 'बरं' म्हटलं. मग प्रयोगशाळेत परत गेले आणि बशांमध्ये वाढणाऱ्या पेशींचं खाद्य बदललं, कारण ती वेळ चुकवून चालत नाही. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. माणूस मेला की राग विरतो म्हणतात. माझा विरलेला नाही, आणि तो विरावा अशी माझी इच्छाही नाही.

तुम्ही वाईट शिकवत असतात तर बरं झालं असतं, मी तुमच्या मागे लागले नसते. चंद्रपूरचं ते कॉलेज, खिडकीच्या फळीवर रोज बसणारी कोळशाची पूड, आणि टेबलावर काचेच्या बशीत तुम्ही बोडीतून, गावाबाहेरच्या छोट्या तळ्यातून, आणलेली बेडकाची अंडी. तुम्ही आम्हा सगळ्यांना एकेक करून सूक्ष्मदर्शकाशी उभं केलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एका पेशीला मधोमध खाच पडली आणि एकाच्या दोन झाल्या. "डोकं कुठे करायचं, शेपूट कुठे, हे हिला कोणी सांगितलं?" तुम्ही विचारलंत. "तिच्या जनुकांत लिहिलंय. कोणतं पान कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, एवढंच शोधायचं आहे आपल्याला." त्याच विचारात मी त्या दिवशी जेवले नाही. आठवड्याभराने तुम्ही मला बोलावून विचारलंत, "तुझं गाव सावली तालुक्यातलं ना? बौद्धांची वस्ती मोठी आहे तिथे? मग संशोधनाला माझ्यासोबत ये." माझी हुशारी पाहून बोलावलं, असं मला वाटलं. तुम्हाला माझी वस्ती हवी होती, तुम्ही शोधत होता तो रक्ताचा आजार आमच्या लोकांत जास्त आढळतो म्हणून.

तुम्ही घरी आलात तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. लवकरचं धान निघालेलं, अंगणात तणसाचा ढीग. आई चुलीपाशी बसून तुमच्यासाठी भाकरी थापते आहे आणि धाकटी बहीण दाराच्या चौकटीला टेकून तुमच्या पेटीकडे पाहते आहे. ती अकरा वर्षांची होती, दिसायची सात-आठची. आईने हात पुसत विचारलं, "सर, इचे हातपाय काऊन सुजतात जी? सहा महिन्याची होयेपर्यंत चांगली होती पोरगी. मंग एकदमच सुरू झालं. दुखते म्हणून रडते, अन् अंगही नाई धरत."

"रक्त तपासू बाई. रिपोर्ट घेऊन मी स्वतः येईन," तुम्ही म्हणालात.

शेजारची काकी हात पुढे करायला तयार नव्हती. "रक्त नेऊन इकत तं नाई ना हे?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "काकी, माह्या भरोशावर द्या." वस्तीतल्या प्रत्येक घराने माझ्या भरोशावर दिलं. नळ्यांवर नंबर मी लिहिले, रजिस्टरात नंबरापुढे नावंही माझ्याच अक्षरात. माझा नंबर शेचाळीस होता, बहिणीचा सत्तेचाळीस.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत तुम्ही मलाच काचेवर तिचं रक्त घ्यायला लावलंत. थेंबात औषध टाकून वरून पातळ काच ठेवली, कडा व्हॅसलिनने बंद केल्या आणि हवा कोंडली. थोड्या वेळाने गोल पेशी वाकल्या, टोकदार झाल्या, विळ्यासारख्या. मग विजेच्या प्रवाहाने रक्तातला फरक वेगळा करून दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आल्या. माझ्या पट्टीवर दोन रेघा होत्या, एक चांगल्या रक्ताची आणि एक बिघडलेल्या. तिच्या पट्टीवर एकच, बिघडलेली. आई आणि बाबा दोघांकडून तिला तेच आलं होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. "इथे नमुन्याला नाव नसतं," तुम्ही म्हणालात. "माझा पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण होईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. रिपोर्ट सगळ्यांना एकदमच देऊ." आणि मी मान डोलावली. दिवाळीला घरी गेले, बहिणीचे सुजलेले हात मांडीवर घेऊन शेकले, आणि आईला काही सांगितलं नाही. मला एम.एस्सी.नंतर बाहेर जायचं होतं, तुमचं शिफारसपत्र हवं होतं.

पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिला ताप भरला. माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती, निरोप उशिरा मिळाला, एसटीने पोचले तेव्हा सगळं झालं होतं. आई सांगत होती, दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, पोरीला आधीचा काही आजार आहे का? "मी म्हटलं नाई जी, थोडं हातपाय दुखतात बस." डॉक्टरने मलेरियाचं औषध दिलं. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरियाच, त्याचं काय चुकलं? ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण त्याला 'सिकलसेल' हे एक नाव कळलं असतं, तर त्याने सलाईन लावलं असतं, रक्त चढवायला चंद्रपूरला पाठवलं असतं. ते नाव तुमच्या कपाटात होतं.

मी परत आले तेव्हा तुमचा प्रबंध बांधून आला होता, लाल कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. मी म्हटलं, "सर, सत्तेचाळीस नंबर गेली."

"ऐकलं मी. वाईट झालं."

"तुम्ही येणार होता रिपोर्ट घेऊन."

"सांगून काय केलं असतंस? औषध आहे का यावर? आणि वस्तीत बातमी फुटली की पोरींची लग्नं मोडतात. मग उद्या मला रक्त कोण देईल?"

हे तुम्ही चहा पिता पिता बोललात, सर. आवाजसुद्धा चढला नाही तुमचा. शेवटी म्हणालात, "डोळे पूस. एवढं हळवं राहून सायन्स होत नाही." मी डोळे पुसले. दोन महिन्यांनी शिफारसपत्रही घेतलं.

पण जाण्याआधी तुमच्या कपाटातून नावांपुढे निकाल लिहिलेलं ते रजिस्टर मी चोरलं. तुम्हाला कळलं असणारच. तुम्ही गप्प राहिलात, कारण तक्रार केली असती तर त्यात काय होतं ते सांगावं लागलं असतं. ते घेऊन मी वस्तीत घरोघर गेले. कोणाला दोन रेघा, कोणाला एक, ताप आला तर डॉक्टरला काय सांगायचं, लग्न जुळवताना दोघांचं रक्त का तपासायचं. काकीच्या मुलीचं जमलेलं लग्न महिन्याभरात मोडलं. त्याबाबतीत तुम्ही खोटं बोलला नव्हता. काकी माझ्याशी बोलायची थांबली. तरी तिची नातवंडं आज तपासून घेतात.

आईच्या पोटात बाळाचं रक्त वेगळ्या जनुकावर चालतं. जन्मल्यावर काही महिन्यांत ते बंद होतं आणि दुसरं सुरू होतं. म्हणून माझी बहीण सहा महिने चांगली होती. ते मिटलेलं पान पुन्हा उघडता येईल का, यावर मी नोकरीची सगळी वर्षं घालवली. लोक विचारतात हा विषय कसा सुचला, आणि मला तुमचं वाक्य आठवतं. त्याचाही मला राग येतो.

आई आता फार थकली आहे. परवा म्हणाली, "ते सर भला मानूस होता, आपल्या घरी भाकर खाल्ली. रिपोर्ट द्याले नाई जमलं बिचाऱ्याले." रजिस्टर घेऊन मी वस्तीत फिरले, त्या दिवशी संध्याकाळी तिने विचारलं होतं, "अन् आपल्या घरचं काय निघालं वो?" मी म्हटलं, "काही नाई निघालं, आई." तुमचं नाव घ्यायला माझी जीभ तेव्हाही तयार होती, आजही आहे. पण आई पुढचा प्रश्न विचारेल, "तुले कवा मालूम झालं?" आणि ती दिवाळी मला सांगावी लागेल. म्हणून तुम्ही तिच्यासाठी अजून भले आहात, सर.