दोन निळी कार्डं

३ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा! मी अजून जिनाही चढले नव्हते आणि ह्यांना सगळं कळलेलं. दार उघडलं तेच मोठ्याने वाचत — "शिवणसामानाचं दुकान! अकरा वाजून वीस मिनिटं!" कार्ड माझ्या पर्समध्ये, त्यावर नाव माझं, पण खातं ह्यांचं आणि मेसेज ह्यांच्या फोनवर. रागावत नाहीत. नुसतं वाचतात, बातम्या दिल्यासारखं. एवढी वर्षं मला त्याचं हसू यायचं. आज नाही आलं.

कारण परदेशाच्या टूरचा कागद आला. दहा दिवस, पाच शहरं. ह्यांचे गुडघे कामातून गेलेत, म्हणून मी एकटीच. तिसऱ्या शहरात एक दिवस मोकळा आहे. आणि त्या शहरापासून लेकीचं गाव रेल्वेने एक तास पन्नास मिनिटं! मी नकाशावर बोट ठेवून तीनदा पाहिलं.

सात वर्षं झाली. तिने न सांगता लग्न केलं, तिकडून फोटो पाठवला, आणि ह्यांनी सांगून टाकलं — "या घरात तिचं नाव काढायचं नाही." मी काढलं नाही. तिच्याशी फोनवर बोलते ती माझ्या शिवणाच्या दुकानातून, शिलाई मशीन बंद करून. तिला मुलगी झाली, तीन वर्षांची झाली, तेही ह्यांना सांगितलेलं नाही. फोनच्या पडद्यावर ती एवढीशी दिसते, म्हणून मी तिला बटण म्हणते.

आता तिकीट या कार्डाने काढलं तर इथे स्वयंपाकघरात फोन वाजणार आणि हे तिच्या गावचं नाव मोठ्याने वाचणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

बँकेत गेले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं दहा मिनिटं पासबुकाचं विचारत बसले. काउंटरवरच्या चष्मेवालीने शेवटी पेन खाली ठेवलं. "काकू, नक्की काय हवंय?"

परदेशात चालणारं कार्ड. माझं स्वतःचं.

मग ती खुलली. म्हणाली, जुनं कार्ड तिकडे वापरलं तर प्रत्येक खरेदीवर साडेतीन टक्के जास्तीचे जातात, वर त्यावरचा कर. त्या कार्डाने मशीनमधून रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय. त्यापेक्षा प्रवासाचं कार्ड घ्या — आधीच पैसे भरायचे, तिकडच्या चलनात. भरताना जो भाव, तोच पुढेही. रोख काढायला मात्र दर वेळी ठरलेली फी आहे, तेव्हा थोडी थोडी काढू नका, एकदाच काढा. कार्डही एकच नेऊ नका, दोन असू द्या. एक अडलं तर दुसरं.

मी सगळं मापाच्या वहीत लिहून घेतलं. एका पानावर कुणाच्या तरी पँटची कंबर, शेजारी साडेतीन टक्के.

"मेसेजसाठी नंबर कुणाचा टाकू? काकांचा?"

"माझा," मी म्हटलं. केवढ्याने म्हटलं! मागचा माणूस बघायला लागला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

लेकीला कळवलं. उत्तर नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

कार्ड मिळालं. निळं. ह्यांचंही निळं! बँकेला दुसरा रंग सापडला नाही. दुकानात बसून गळ्यात घालायची कापडी पिशवी शिवली, दोन कप्प्यांची. डावीकडे ह्यांचं, उजवीकडे माझं. अस्तर मऊ, टीप बारीक, बाहेरून कप्पे कळतसुद्धा नाहीत.

संध्याकाळी ह्यांनी माझे चालायचे बूट मागितले. चौतीस वर्षं बुटांच्या दुकानात लोकांचे पाय मोजण्यात गेली, सवय जात नाही. नको नको म्हणत असताना खाली बसले — गुडघे कटकट वाजले — आणि बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. "अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आहे." मग उठता येईना. मी हात दिला.

उठल्यावर म्हणाले, "माझं कार्ड बाहेर चालेल असं करून ठेवलंय. अडीअडचणीला. उगाच वापरू नकोस." आणि मग, पाठ फिरवून — "टूरबरोबर जायचं, टूरबरोबर यायचं."

टूरचा कागद त्यांनीही वाचलाय तर.

१० सप्टेंबर, मंगळवार

शिवणात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाची डावी बाही आखूड केली, उजवी तशीच. उद्या परत येणार आणि बोलणार.

किती वेळा ठरवलं की सांगून टाकू. जेवायला वाढताना सांगू, चहा देताना सांगू. तोंडापर्यंत येतं. मग वाटतं, "जाऊ नकोस" असं स्पष्ट म्हणाले तर? म्हटल्यावर गेले तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल. न विचारता गेले तर... तेही तेच. पण तेवढं धाडस होतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तर आलं! "ये. स्टेशनवर येते. बाबांना सांगितलंस?"

"हो" लिहिलं. खोडलं. "नाही" लिहून पाठवलं.

जुन्या बॅगा काढताना माळ्यावर कागदांचं भेंडोळं मिळालं. तिचे पाय! दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी हे तिला वर्तमानपत्रावर उभं करायचे आणि पेन्सिलीने पाय आखायचे. दोन्ही पाय. डावा-उजवा कधी सारखा नसतो, असं सांगायचे. गुदगुल्या व्हायच्या तिला, कागद फाटायचा, पुन्हा नवा कागद. एकूण अकरा कागद. टाकले कसे नाहीत ह्यांनी? की विसरले? होते तसे ठेवून दिले. विचारलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

निघाले. खोलीत माझ्याबरोबर एक निवृत्त नर्सबाई आहेत. पत्त्यांच्या कॅटसारखी कार्डं बाळगतात. विमानतळावरच्या पैसे बदलून देणाऱ्या खिडकीकडे मी वळले, तर माझा दंडच धरला — "इकडे नाही! इथला भाव म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज मशीनमधून रोख काढली. एकदाच, चष्मेवालीने सांगितलं तशी. मध्येच पडद्यावर प्रश्न — इथल्या चलनात घेऊ की तुमच्या? मला वाटलं आपल्या चलनात बरं, निदान आकडा कळेल. बोट पुढे केलं तोच नर्सबाई मागून ओरडल्या, "इथल्याच! इथल्याच!" आपल्या चलनात घेतलं की भाव मशीनवालेच लावतात, मनाला येईल तो. आकडा ओळखीचा दिसतो आणि त्याचेच जास्त पैसे पडतात.

इथलंच दाबलं. माझ्या फोनवर मेसेज आला. माझ्या! बघत राहिले. मोठ्याने वाचायला मात्र कुणी नव्हतं.

हे रोज सकाळी फोन करतात. "जेवलीस का? पाय दुखतात का?" मी सांगते, काल किल्ला बघितला, आज संग्रहालय. अजूनपर्यंत तरी खोटं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

कुठून सुरू करू!

टूर मॅनेजरला सांगितलं, मी आज एकटी फिरणार. जायचं-यायचं तिकीट कालच माझ्या कार्डाने काढून ठेवलेलं. गाडीत बसवत नव्हतं, तीनदा जागा बदलली. स्टेशनवर लेक उभी. जाड झालीये, केस कापलेत. मला म्हणाली, "किती वाळलीस गं," आणि दोघी रडलो, अगदी लोकांच्या वाटेत. बटण तिच्या मागे लपलेलं. पडद्यावर बोलते ती, समोर मात्र एक शब्द नाही.

तिच्या घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल, त्याच टेबलावर जावई काम करतो. भला वाटला. मला "आई" म्हणाला आणि लाजून चहा करायला गेला. बटणाचे बूट दाराशी होते, टोकाला झिजलेले. मी म्हटलं, चला, आजीकडून बूट!

दुकानात लेकीने काय करावं? पोरीला लाल बूट घातले आणि टोक अंगठ्याने दाबलं. "बोटभर जागा हवी," पोरीला म्हणाली. आपण कुणाचं बोललो, हे तिलाही कळलं असावं. मग खालमानेने विचारलं, "बाबांचे गुडघे कसे आहेत?"

पैसे मी दिले. गर्दी होती, बटण हात ओढत होतं. कार्ड मशीनला टेकवलं, प्रश्न आला तेव्हा ऐटीत इथलं चलन दाबलं. लेक म्हणाली, "आई, तू तर तयार झालीस!" निघायच्या दिवशी विमानतळावर येते म्हणाली, नव्या बुटांसकट.

परतीच्या गाडीत फोन पाहिला. तिकिटाचा मेसेज आहे. बुटांचा नाही.

सकाळी घाईत पिशवी उलटी घातली होती! अंगाकडची बाजू बाहेर. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांची उलट-सुलट बघत आले आणि स्वतः शिवलेली पिशवी कळली नाही. टीप बारीक म्हणून मिरवत होते, तीच नडली.

म्हणजे तो मेसेज ह्यांना गेला. मुलांच्या बुटांचं दुकान. गावाचं नाव. वेळ.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळचा फोन आला नाही. आजवर एकदाही चुकला नव्हता.

दिवसभर कुठला तरी पूल, कुठली तरी बाग. काही दिसलं नाही. स्वयंपाकघरात उभे राहून वाचताना दिसतात ते. मोठ्याने वाचलं असेल का? कुणासाठी?

२३ सप्टेंबर, सोमवार

फोन नाही. मी केला, उचलला नाही. नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साडेतीन टक्के गेले, एवढंच ना?" मग माझं तोंड बघितलं आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली.

दुपारी मेसेज आला. दोनच शब्द. "बूट कुणाचे?"

बसमध्ये होते. लिहिलं — "तुमच्या नातीचे. तीन वर्षांची आहे. मी सांगितलं नाही, चूक माझी. तिची नाही." पाठवून टाकलं, पुन्हा वाचलंसुद्धा नाही. वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

काही नाही. बॅग भरली. दोन्ही कार्डं पिशवीत घातली, ह्यांचं डावीकडे, आणि कप्प्याला लाल दोऱ्याचा टाका घातला. आता काय उपयोग!

घरी गेल्यावर दार उघडतील की नाही, हे पहिल्यांदाच मनात आलं. चावी आहे माझ्याकडे. पण चावीने उघडायची सवय नाही, ते जिन्यातच पाऊल ओळखतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

विमानतळ. लेक आली आहे, बटण लाल बुटांत.

आत्ता मेसेज आला — "ते कार्ड तिकडे वापरू नकोस, साडेतीन टक्के जातात. आणि पाय कागदावर आखून आण. दोन्ही पाय."

दुसरा कागद नव्हता. बूट काढून बटणाला याच वहीवर उभं केलं. लेकीने दोन्ही पाय आखले. पुढची दोन पानं भरलेली आहेत.