मोज्यातली सात काडतुसं

४ ऑक्टोबर
आज रायफल घेतली! खरं तर नोरक्विस्ट म्हाताऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलंय म्हणून बरण्या बघायला गेले होते. बरण्यांना तडे. पण कोपऱ्यात ही उभी. हलकी, अक्रोडाचा दस्ता, गावात दुसऱ्या कुणाकडे नाही अशी. काडतुसाचं माप दोनशे सत्तावन्न रॉबर्ट्स. नावसुद्धा कसं सभ्य, कोट घालून आल्यासारखं. सोबत लोकरीच्या मोज्यात सात काडतुसं फुकट. मोजाही फुकट, पण एकच.
घरी येताना आमच्या ह्यांची, रेइनोंची, जुनी तीस-तीसची बंदूक धाकट्या दिरांना, टोइवोभावजींना देऊनच आले. तिचा दणका माझ्या खांद्याला सोसत नाही. भावजी म्हणाले, "वहिनी, हिची काडतुसं पेट्रोल पंपावर दुधाशेजारी मिळतात. तुमच्या त्या साहेबाची कुठे मिळणार?"
मिळतात हो. शोधणाऱ्याला सगळं मिळतं.

७ ऑक्टोबर
एकदा नीट लिहून ठेवते. हरणांच्या शिकारीच्या कॅम्पवर मी एक्केचाळीस वर्षं चुलीपाशी. नियम आमच्या रेइनोंचा: हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्याची बंदूक वाजली नाही, त्याने शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांचं रांधायचं. नेम चुकला तरी चालेल, वाजली पाहिजे. माझ्याकडे बंदूकच नव्हती, म्हणजे नियम दरवर्षी मलाच. रेइनो गेल्या हिवाळ्यात गेले. तळ्याकाठची, हरणाची वाट बघत बसायची त्यांची खोपटी आता माझी. पंधरा नोव्हेंबरला मी तिथे बसणार आणि सलगम दुसरं कुणीतरी सोलणार. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकलंय. आता माघार नाही.

११ ऑक्टोबर
गावातल्या अर्विदच्या बंदुकांच्या दुकानात गेले. म्हणाला, "आजी, ही काडतुसं मी शेवटची विकली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते."
असा कसा दुकानदार! पण त्याच्या बायकोचा वेलचीचा पाव चांगला असतो. दोन तुकडे खाल्ले.

१२ ऑक्टोबर
बसने थेट शहरात. मोठ्या दुकानात एक डबा होता! वीस काडतुसं, बासष्ट डॉलर. एका बारला तीन डॉलर! तेवढ्यात अख्खी कोंबडी येते, आणि तिच्यामागे जंगलात बसावं लागत नाही. पोऱ्याला म्हटलं, लुबाडतोस काय रे. तो म्हणाला, "आजी, घ्या. परत कधी येईल सांगता येत नाही."
असं सगळेच विकणारे म्हणतात. मी काय कालची आहे? स्वस्त मिळेपर्यंत थांबणार.

१९ ऑक्टोबर
परत शहरात गेले. नुसतं किंमत विचारायला. डबा गेला.
बरंच झालं. नाहीतर मोहात पडले असते.

२५ ऑक्टोबर, दुपार
नेम बसवायला वाळूच्या खाणीत गेले, नातीला घेऊन. रंगाचा रिकामा डबा ठेवला. चार बार काढले. रायफलवरची दुर्बीण जरा डावीकडे आहे, आणि वारा होता, आणि सेल्मा हसत होती. पाचव्याला डबा पडला! त्या आनंदात आणखी एक आकाशात सोडला. सेल्मा म्हणते डबा वाऱ्याने पडला. आजकालच्या मुलींना कौतुक करता येत नाही.
सात वजा सहा. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण एवढं येतं.

२ नोव्हेंबर
सेल्माने फोनवर शोधलं. सगळीकडे "स्टॉक संपला". एका ठिकाणी होती, पण पोचणार वीस तारखेला. वीस तारखेला मी काय हरणाला थांबायला सांगू?
भावजी आले होते. रायफल हातात घेऊन म्हणाले, "देखणी आहे. उपाशी आहे बिचारी." मग हळूच, "वहिनी, रेइनोदादाची तीस-तीस घेऊन जा ना. कुणाला कळणार नाही."
म्हटलं, काडतुसं येतायत. कुठून ते सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं. आणि कळणार नाही कसं? चर्चमधल्या एल्माला माझ्या स्वयंपाकघरातला चमचा पडलेला कळतो.

८ नोव्हेंबर
सापडली!! बंदुकांच्या जत्रेत. वीसचा डबा, फक्त अठ्ठावीस डॉलर! डब्यावर दोनशे सत्तावन्न नव्हतं, पंचवीस-शून्य-सहा होतं. विकणाऱ्याला विचारलं, गोळीची जाडी तीच का? म्हणाला, "अगदी तीच." झालं तर मग! येताना मांस-बटाटा भरलेली गरम पॅस्टी खाल्ली, वर केचपही घेतला, सणासारखं.

९ नोव्हेंबर
गोळीची जाडी तीच आहे. मागचं पितळ लांब आहे. रायफलमध्ये जातच नाही. अर्विदने बघून टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "आजी, ह्याने प्रयत्नसुद्धा करू नका."
त्या विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नाही, हेच मला जास्त लागलं.

१४ नोव्हेंबर, कॅम्प
पोचलो. माझा नारिंगी कोट सगळ्यांत नवा. एक काडतूस आहे. नीट विचार केला तर एकच लागतं. रेइनो नेहमी म्हणायचे, पहिलाच बार खरा. मोज्यात ठेवलंय, उबेला. चुलीकडे बघितलंसुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळी सात
खोपटीत. थंडी. काडतूस भरलं. चारी बाजूंनी लांबून बंदुका वाजतायत. लोकांकडे किती काडतुसं असतील नाही!

सव्वानऊ
आला. नर. आठ टोकांची शिंगं, तळ्याच्या कडेला, पन्नास पावलांवर. माझ्याकडे बघतोय. रेइनोंच्या खोपटीतून असा कधी दिसला नव्हता.
पण हे शेवटचं. वाजवलं की संपलं, मग उरलेला हंगाम मी इथे रिकामी बसणार. आणि दुपारी दहा टोकांचा आला तर? थांबते.

साडेनऊ
तो गेला. भावजींच्या बाजूने बार झाला, एकच. रेइनोंच्या तीस-तीसचा आवाज मी झोपेतही ओळखेन.

अंधार पडताना
दहा टोकांचा आला नाही. एक खार आली. आकाशात बार काढून मोकळी झाले असते, नियमात बसलं असतं. बोटही ठेवलं होतं. पण तीन डॉलरचं काडतूस ढगाला?

१६ नोव्हेंबर, कॅम्प
काल सगळे टेबलाशी बसले. भावजींनी एकेकाला विचारलं, "वाजली?" "वाजली." "वाजली." माझ्यापाशी आल्यावर विचारलंच नाही. नुसता अॅप्रन खुंटीवरून काढून खुर्चीवर ठेवला, रेइनो ठेवायचे तसाच, घडी घालून.
आज सकाळपासून चौदा सलगम सोलले. भावजींच्या हरणाचं काळीज कांद्यावर परतलं. सगळे म्हणाले, असं काळीज वहिनींशिवाय कुणाला जमत नाही.
काडतूस अॅप्रनच्या खिशात आहे. म्हणजे पुढच्या वर्षी शून्यापासून शोधायला नको.